परिशिष्ट क

सेरवा ट्वुमासीला कंपनीत घेतलं ते स्वल्पविराम घालण्यासाठी. हे तिचं म्हणणं नव्हे, मालक बाफूर अमांक्वातिया यांनी मुलाखतीत तिला तसं तोंडावर सांगितलं होतं. "मजकूर इंजिनिअर लिहितात. तुम्ही फक्त स्वल्पविराम बघा." त्याआधी नऊ वर्षं ती शाळेत इंग्रजी शिकवत होती. पोरांच्या निबंधातून अर्थ उकरून काढायची तिला सवय होती. इथली पोरं पस्तिशीची होती आणि त्यांना नापास करायची सोय नव्हती, एवढाच फरक.

कंपनी कुमासीच्या भर बाजारात, पहिल्या मजल्यावर. खाली मयताला जाताना नेसायच्या काळ्या-लाल कापडाचं दुकान. त्या दुकानाचा धंदा वर्षभर तेजीत असायचा, वरचा मात्र अनुदानावर चालायचा. या खेपेचं अनुदान होतं रक्तपेढीच्या नोंदवहीसाठी. पाच सरकारी रुग्णालयांतल्या जाडजूड वह्या जाऊन तिथे संगणक येणार होते, आणि त्यातल्या प्रोग्रामचं नाव 'मोग्या', म्हणजे रक्त. नाव बाफूर साहेबांनी स्वतः ठेवलं होतं. प्रोग्राममधलं तेवढंच काम त्यांचं.

पैसे देणाऱ्या परदेशी संस्थेची अट अशी, की प्रोग्रामसोबत त्याची सविस्तर माहितीपुस्तिका हवी, किमान साठ पानांची, आणि प्रत्येक पानावर कंपनीप्रमुखाची सही हवी.

"साठच का?" सेरवानं विचारलं.

"त्याहून कमी असलं की काम उथळ वाटतं," बाफूर म्हणाले. "मंजुरी देणाऱ्या समितीतले लोक पुस्तिका हातात घेऊन तोलतात. मी बघितलंय."

चौथ्या प्रकरणाचं नाव होतं 'व्यवहार-प्रक्रिया आणि अंतर्भूत डेटाबेस'. ते मुख्य इंजिनिअर फीफी क्वान्सानं कुठल्याशा यंत्राकडून दहा मिनिटांत लिहून घेतलं होतं. पहिलंच वाक्य होतं, 'मोग्या ही एक सुदृढ, अखंड व भविष्यवेधी परिसंस्था असून तिच्या गाभ्यात अंतर्भूत डेटाबेस अंतर्भूत आहे.' सेरवानं त्यात जमेल तिथे स्वल्पविराम घातले. वाक्य सुधारलं नाही, नुसतं धापा टाकायला लागलं.

ती फीफीच्या टेबलाशी गेली. "अंतर्भूत म्हणजे काय रे?"

"आत असलेला."

"कशाच्या आत?"

"प्रोग्रामच्या, मॅडम. वाचणाऱ्याला ते माहीत असतं."

"माहीत असेल तर तो वाचेल कशाला?"

फीफीनं यावर विचार केला आणि तो सोडून दिला. "आणि व्यवहार?" तिनं पुढे विचारलं. "पैशाचा?"

"नाही हो. व्यवहाराचे चार गुण असतात. अणुत्व, सुसंगती, विलगता, टिकाऊपणा."

"त्याचा अर्थ काय?"

"अर्थ त्यातच आहे," फीफी म्हणाला आणि त्यानं हेडफोन कानावर चढवले. वादात अडकला की तो संगीताला शरण जायचा.

सेरवानं दुसऱ्या दिवशी ट्रोट्रोची मिनीबस पकडली आणि पाचांपैकी सगळ्यात जवळचं रुग्णालय गाठलं. तिथली रक्तपेढी आंटी अग्येइवा सत्तावीस वर्षं सांभाळत होत्या. नवा संगणक चाचणीसाठी येऊन पडला होता. आंटींनी त्यावर क्रोशाचं कापड घातलं होतं, आणि त्या जुन्या वहीत लिहीत होत्या.

"आंटी, एक पिशवी फ्रीजमधून वॉर्डात जाते तेव्हा तुम्ही नेमकं काय काय करता?" सेरवानं विचारलं.

"फ्रीजमधून निघाली, ही एक ओळ," आंटी बोट ठेवत म्हणाल्या. "वॉर्डाच्या नावावर चढली, ही दुसरी. या दोन ओळींच्या मध्ये मला कुणी हाक मारली तर मी ठार बहिरी. मॅट्रन असली तरी."

"आणि मध्येच काही झालंच तर?"

"तर पहिलीही लाल पेनानं खोडायची न् नव्यानं सुरुवात करायची. अर्धी नोंद ही नोंदच नव्हे, पोरी. अर्धी ठेवलीस तर पिशवी ना इथे ना तिथे. मग तिला शोधत बसा."

"आणि वही नेहमी याच टेबलावर?"

"मग काय दुसऱ्याच्या कपाटात ठेवू? मागच्या खेपेला एक मशीन आणलं होतं, ते दर पिशवीला तिकडे राजधानीत, आक्राला विचारायचं. तारा तुटल्या की आक्रा मुकं व्हायचं, आणि इथे बाळंतीण वाट बघत पडायची. आठ महिन्यांत गुंडाळून नेलं त्यांनी. वही खोलीतच पाहिजे, हाताशी."

सेरवानं तिथेच बाकावर बसून लिहायला घेतलं. यंत्रानं बारा पानांत सांगितलं नव्हतं ते दीड पानात बसलं. नोंदवही प्रोग्रामच्या पोटातच आहे, त्याच संगणकावर, एकाच फाइलीत. ती दुसऱ्या कुठल्या यंत्राला विचारायला जात नाही. पिशवीची हालचाल म्हणजे एक व्यवहार. त्यातल्या सगळ्या ओळी लिहिल्या जातील, किंवा एकही लिहिली जाणार नाही. अधलं-मधलं काही नाही.

तिनं ते आंटींना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, मक्याच्या केंकीचा घास माशासोबत तोंडात टाकला आणि चावता चावता विचारलं, "आणि तुझं मशीन 'झालं' कधी म्हणतं?"

"नोंद झाली की."

"ते सगळेच म्हणतात. मी शाई वाळल्यावर म्हणते. ते कधी म्हणतं?"

सेरवानं प्रश्न टिपून घेतला. परत आल्यावर तिनं फीफीला तोच प्रश्न जसाच्या तसा विचारला. या वेळी फीफीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"त्याचं असं आहे," तो म्हणाला. "नोंद आधी संगणकाच्या डोक्यात जाते. तिथून डिस्कवर उतरायला वेळ लागतो. ती उतरेपर्यंत थांबायचं आणि मगच 'झालं' म्हणायचं, हा नियम. पण करारात लिहिलंय की प्रत्येक नोंद एका सेकंदाच्या आत झाली पाहिजे. या जुन्या डिस्कांवर दीड लागत होता. बॉस म्हणाले, वेग वाढव. म्हणून मी थांबणं बंद केलं."

"म्हणजे 'झालं' म्हणतं तेव्हा झालेलं नसतं."

"होतं ना. पाच-दहा सेकंदांत होतं."

"आणि तेवढ्यात लाइट गेली तर?"

"सैद्धांतिकदृष्ट्या बघायला गेलं तर—"

"फीफी, आपण कुमासीत राहतो."

फीफीनं हेडफोन उचलले आणि पुन्हा ठेवले.

सेरवा पुन्हा आंटींकडे गेली. दोघींनी मिळून खोट्या पिशव्यांच्या नोंदी केल्या. 'झालं' अशी हिरवी अक्षरं उमटली की आंटी मागे वाकून प्लग उपटायच्या. असं बारा वेळा केलं. चार वेळा शेवटची नोंद नाहीशी झाली. त्यातल्या एका खेपेला तर पिशवी फ्रीजमधून निघालेली दिसत होती आणि कुठेच पोचली नव्हती. आंटींना याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी क्रोशाचं कापड पुन्हा संगणकावर पसरलं.

सेरवानं हे सगळं चौथ्या प्रकरणात तारखांसकट घातलं. 'स्थिती अशी असताना पडद्यावर विसंबू नये' हे वाक्य ठळक केलं. दोष कुठल्या फाइलीतल्या कुठल्या ओळीत आहे आणि ती कशी बदलायची, तेही लिहिलं. बाफूर साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम ट्वुमासी, हे काय आहे?"

"जे आहे ते."

"पुस्तिका म्हणजे कबुलीजबाब नव्हे. कबुली द्यायला चर्च आहे. तिथे रविवारी जा."

"सर, फीफी म्हणतो एक ओळ बदलायची आहे."

"आणि नोंदीला दीड सेकंद लागला की करार मोडतो. अर्ध्या सेकंदासाठी मी कंपनी बुडवू?"

"मग निदान नवव्या पानावरचं ते वाक्य तरी काढू या. 'साठा पाहण्यासाठी फ्रीज उघडू नये, पडद्यावर विश्वास ठेवावा.'"

"ते तर पुस्तिकेतलं सर्वोत्तम वाक्य आहे," बाफूर दुखावल्या आवाजात म्हणाले. ते त्यांनीच लिहिलं होतं. सारखं दार उघडलं की फ्रीज तापतो, हे त्यातलं शास्त्र खरंही होतं. "ते राहील. तुमचं जाईल."

सेरवानं राजीनामा दिला नाही, आवाजही चढवला नाही. घरी तिच्या पगारावर चार माणसं जेवत होती. ती जागेवर आली, चौथ्या प्रकरणातला तो भाग कापला आणि पुस्तिकेच्या शेवटी, शब्दसूचीच्याही मागे चिकटवला. वर शीर्षक दिलं, 'परिशिष्ट क : टिकाऊपणाच्या मर्यादांविषयी पूरक तांत्रिक टिपा'. अक्षर दोन अंकांनी बारीक केलं. शाळेत निरीक्षकांची दप्तरं भरून तिला एक ठाऊक होतं, की परिशिष्ट नावाच्या गावाला कुणी जात नाही.

झालंही तसंच. बाफूर साहेबांनी एकसष्ट पानांवर सह्या केल्या, त्या पानात बांधून आणलेला चवळीभात खात आणि फोनवर मेहुण्याशी बोलत. सत्तावन्नाव्या पानावर, सहीशेजारी, रश्श्याचा एक थेंबही पडला. समितीतल्या सहा जणांनी पुस्तिका खरोखरच हातात घेऊन तोलली. एकानं मुखपृष्ठाचा रंग आवडल्याचं सांगितलं. मंजुरी मिळाली, टाळ्या झाल्या, तळलेली केळी खाऊन लोक घरी गेले. खरं तेही लिहिलं आणि नोकरीही राखली, म्हणून सेरवा त्या दिवशी स्वतःवर फार खूश होती. तिनं एक प्रत आंटींना नेऊन दिली आणि सत्तावन्नाव्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला. आंटींनी वही सोडायची नाही असं ठरवलंच होतं, आता त्यांना लेखी कारण मिळालं.

उरलेल्या चार रुग्णालयांत मात्र पुस्तिका कपाटात गेली आणि वह्या माळ्यावर.

चार महिन्यांनी उत्तरेकडच्या एका रुग्णालयात, भर दुपारी, एक पिशवी वॉर्डातून न वापरता परत आली. ओ निगेटिव्ह. पाळीवरच्या तंत्रज्ञ मुलानं ती फ्रीजमध्ये ठेवली, परत आल्याची नोंद केली, पडद्यावर 'झालं' उमटलं आणि लाइट गेली. जनरेटर सुरू झाल्यावर संगणकाच्या हिशेबी पिशवी वॉर्डातच होती. तंत्रज्ञाची पाळी संपली, तो घरी गेला. दोन तासांनी मुमुनी नावाच्या मोटरसायकलवाल्याला लाकडाच्या ट्रकखालून काढून आणला. दुसऱ्या पाळीच्या मुलीनं पडदा पाहिला. ओ निगेटिव्ह, शून्य. फ्रीजवर नवव्या पानावरचं वाक्य लॅमिनेट करून लावलेलं होतं. तिनं दार उघडलं नाही. मुमुनीचा थोरला भाऊ रक्त आणायला कुमासीला धावला. जाऊन-येऊन पाच तास लागले. तोवर पिशवी त्याच्या भावापासून वीस पावलांवर थंडगार पडून होती.

मुमुनी वाचला. पाय राहिला, पण सरळ राहिला नाही.

पिशवी दुसऱ्या दिवशी सफाईच्या वेळी सापडली आणि चौकशी बसली. तीच समिती, तेच सहा जण. बाफूर साहेब निश्चिंत होते. त्यांचा मुद्दा साधा होता, की कर्मचाऱ्यांनी पुस्तिका वाचली नाही. साक्षीला त्यांनी स्वतःच सगळ्यात जुन्या रक्तपेढीप्रमुख म्हणून आंटी अग्येइवांना बोलावलं.

"आंटी, तुमच्या इथे चार महिन्यांत एकही चूक नाही," ते गोड आवाजात म्हणाले. "कारण तुम्ही पुस्तिका वाचता. खरं ना?"

"खरं," आंटी म्हणाल्या. "वाचूनच तर मी मशीनवर विश्वास ठेवत नाही."

त्यांनी पिशवीतून प्रत काढली, चष्मा पुसला आणि सत्तावन्नावं पान उघडून मोठ्यानं वाचलं. 'झालं' हा शब्द नोंद होण्याआधीच कसा उमटतो. बारापैकी चार वेळा काय होतं. कुणाच्या सांगण्यावरून ते तसं केलं. कुठली ओळ बदलायची.

"ही सही कुणाची?" अध्यक्षांनी विचारलं.

बाफूर साहेबांनी पान हातात घेतलं. सही पाहिली, थेंबही पाहिला. माणूस अशा वेळी कोसळतो, पण ते परदेशात शिकून आले होते. त्यांनी एकच श्वास घेतला. "माझीच," ते म्हणाले. "आमच्या कंपनीचं हे धोरणच आहे. आम्ही काही लपवत नाही. स्वतःच्या मर्यादा लेखी जाहीर करणारी दुसरी एक कंपनी मला या देशात दाखवा. वाचायचं की नाही, ते मात्र आमच्या हातात नाही."

समितीचीही अडचण होती. त्या पुस्तिकेला मंजुरी त्यांनीच दिली होती, आणि न वाचता दिली असं लिहिणं कुणालाच सोयीचं नव्हतं. तेव्हा अहवालात आलं, की दोष मर्यादित स्वरूपाचा होता, त्याची पूर्वसूचना अनुकरणीय पारदर्शकतेनं देण्यात आली होती, आणि परिशिष्ट क हे यापुढे सर्व प्रकल्पांसाठी नमुना मानावं. एका सेकंदाची अट दोन सेकंदांवर नेली. फीफीनं ती ओळ बदलली, अकरा मिनिटं लागली. नोंदीला आता दीड सेकंद लागतो, हे पाचही ठिकाणी कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

दोष गेला तेव्हा परिशिष्टही काढायला हवं होतं. बाफूर साहेबांनी काढू दिलं नाही. वाखाणलेलं पान कोण काढतं? नव्या आवृत्तीत ते पुढे आणलं, रंगीत चौकटीत. आक्राच्या एका हॉटेलात त्यांचं भाषण ठरलं, विषय होता 'दस्तऐवजातला प्रामाणिकपणा'. ते लिहून द्यायला त्यांनी सेरवाला सांगितलं, आणि तिनं दिलं. स्वल्पविराम चोख घातले.

भाषण होतं त्या दिवशी तिनं रजा टाकली आणि उत्तरेची बस धरली.

मुमुनी वॉर्डाच्या टोकाच्या खाटेवर होता, पंचवीस-सव्वीसचा, पायाला लोखंडी सळ्यांचा सांगाडा. ती स्टुलावर बसली, नाव सांगितलं, आणि वाटेत चारदा घोकलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. पिशवी तेव्हा इथेच होती. पडदा खोटं बोलला. तो खोटं बोलू शकतो हे तिला माहीत होतं.

मुमुनी छताकडे बघत ऐकत होता. "माहीत होतं, मग कुणाला सांगितलं का नाही?"

"लिहिलं होतं मी."

"कुठे?"

"पुस्तिकेत. मागे, सत्तावन्नाव्या पानावर."

"त्या लॅबमधल्या मुलीला ते दिसलं असतं?"

"नसतं."

"मग लिहिलं कुणासाठी?"

बाफूर साहेबांना, समितीला, स्वतःच्या आईलासुद्धा तिनं या गोष्टीची उत्तरं तयार ठेवली होती. हा प्रश्न त्यांत नव्हता. "माझ्यासाठी," ती म्हणाली.

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकून खोकून शांत झाला. मग दारातून डबा घेतलेला एक आडदांड माणूस आत आला आणि वाटेतल्या प्रत्येक खाटेची विचारपूस करत यायला लागला.

"तो माझा भाऊ," मुमुनी घाईनं, हलक्या आवाजात म्हणाला. "तो अख्ख्या गावात सांगत फिरतो, मी कुमासीहून रक्त आणलं म्हणून हा जिवंत आहे. वाटेत बसचा टायर फुटला तर उरलेलं अंतर तो पिशवीचा खोका छातीशी धरून टोमॅटोच्या गाडीवर बसून आला. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याला मान देतायत. पिशवीचं त्याला कुणी बोललेलं नाही. तुम्हीही बोलू नका."

"पण ते खरं—"

"मॅडम, तुम्हाला खरं सांगायचं होतं ना? मला सांगून झालं."

भाऊ येऊन पोचला. कुमासीच्या पाहुण्या बाई मुद्दाम भेटायला आल्यात म्हटल्यावर त्यानं डब्याच्या झाकणात भाकरीच्या पिठाचा गोळा आणि भेंडीचा रस्सा वाढून तिच्या हातात दिला, नको म्हणायला वेळ न देता. खाटेच्या कडेवर बसला. "तुम्ही कुमासीच्या, म्हणजे तुम्हाला तो मोठ्या रक्तपेढीपुढचा चौक माहीत असेल," तो म्हणाला. "तिथून मी पळत सुटलो बघा, पायात चप्पल नाही."

"माहीत आहे," सेरवा म्हणाली. "मग पुढे?"